इकडून हाक, तिकडून ओ!

सुरांची सफर

दोस्तांनो, शाळेत प्रार्थना म्हणताना बाई कधी कधी वर्गाचे दोन गट पाडतात. एक ओळ या बाजूच्या बाकांनी म्हणायची, दुसरी त्या बाजूच्या. शेवटचं कडवं मात्र सगळ्यांनी मिळून. तेवढ्यानेच रोजच्या प्रार्थनेला कशी रंगत येते, हो की नाही? एका गटाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची, आणि शेवटी दोघांनी मिळून शाळा डोक्यावर घ्यायची!

आता जरा मोठी कल्पना करा. वर्गाऐवजी एक प्रचंड चर्च आहे. वर पाच घुमट, आणि घुमटांच्या आत सोनेरी काचतुकड्यांची चित्रं. गाणारे दोन गट आहेत, पण प्रत्येक गटात चार-चार वेगळ्या चाली एकाच वेळी चालल्या आहेत. म्हणजे एकूण आठ! आणि तरीही कानाला गोंधळ नाही, तर एकच भरदार गाणं ऐकू येतंय. हे कसं जमत असेल? आजची आपली सफर त्याच शोधात निघाली आहे. चला, इटलीतल्या व्हेनिस शहरात, सुमारे साडेचारशे वर्षं मागे.

पाण्यावरचं शहर आणि सोन्याचे घुमट

व्हेनिस हे बेटांवर वसलेलं शहर. रस्त्यांच्या जागी कालवे, आणि रिक्षांच्या जागी होड्या. त्या काळी ते स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. त्याच्या प्रमुखाला म्हणायचे ‘डोज’ (औषधाचा नव्हे बरं का!). या डोजच्या राजवाड्याला लागूनच सेंट मार्कचं चर्च आहे. १०९४ मध्ये ते विधिपूर्वक खुलं झालं, आणि १७९७ पर्यंत ते डोजचं खास प्रार्थनामंदिर म्हणून ओळखलं जायचं.

या चर्चमध्ये समोरासमोरच्या सज्जांवर दोन ऑर्गन होते. ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचा आजोबाच समजा. भात्याने हवा भरायची, ती उंच उंच नळ्यांत सोडायची, की त्यातून सूर निघतात. दोन ऑर्गन, म्हणून ते वाजवणारेही दोन नोकरीला ठेवलेले. एवढा थाट असल्यावर संगीतही तसंच हवं, नाही का?

ज्याचं गाणं, त्यालाच नकार!

१५२७ मध्ये या चर्चचा संगीतप्रमुख म्हणून आद्रियान विलार्ट याची नेमणूक झाली. हा मूळचा फ्लँडर्सचा, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातला. त्याची एक मजेदार गोष्ट त्याच्या शिष्याने, जोसेफ्फो झार्लिनोने, लिहून ठेवली आहे. विलार्ट तरुणपणी रोमला गेला, तेव्हा पोपचे गायक एक गाणं मोठ्या आदराने गात होते. ते जोस्कँ या फार नामवंत रचनाकाराचं आहे, अशी त्यांची समजूत. विलार्टने ऐकलं आणि सांगितलं, “अहो, हे तर माझं आहे!” झालं! त्या दिवसापासून गायकांनी ते गाणं गायचंच सोडून दिलं. गाणं तेच, सूर तेच. पण वर मोठं नाव नाही ना!

असा हा विलार्ट पुढे तब्बल पस्तीस वर्षं, १५६२ मध्ये मरेपर्यंत, सेंट मार्कचा प्रमुख राहिला. १५५० मध्ये त्याची दोन गटांनी गायची स्तोत्रं व्हेनिसमध्ये छापली गेली. अशा गायनाला इटालियनमध्ये ‘कोरी स्पेत्साती’ म्हणतात. म्हणजे वाटून दिलेले, तुकडे केलेले गायकवृंद.

बरेच दिवस सगळे समजत होते की ही कल्पना विलार्टनेच काढली. तसं नाही. पादुआ, बेर्गामो अशा जवळपासच्या शहरांत त्याच्या आधीपासून दोन गट आळीपाळीने गात होते. मग विलार्टचं मोठेपण कशात? एका अवघड कोड्याचं उत्तर नीट बसवण्यात.

कोडं आवाजाचं

ते कोडं काय, हे समजायला पेटी लागेल. घरात नसेल, तर शाळेत नक्की असेल. पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच या पट्ट्या एकदम दाबा. सा, ग आणि प. कसा भरीव, स्थिर आवाज येतो! चार पायांवर उभ्या टेबलासारखा. आता असं करा. सर्वांत खाली मंद्र सप्तकातला प धरा, आणि त्याच्यावर सा आणि ग. सूर तेच तीन आहेत, पण आता काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं ना? पुढे अजून काही व्हायला हवं, असं वाटत राहतं. म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांमध्ये सर्वांत खाली कोण आहे, यावर सगळ्या इमारतीचा तोल ठरतो. सर्वांत खालचा आवाज हा पाया.

आता चर्चमध्ये परत या. समजा तुम्ही डाव्या गटाजवळ बसला आहात. उजवा गट लांब आहे, त्याचा आवाज क्षीण येतो. रचनाकाराने पायाचा ‘सा’ जर फक्त उजव्या गटाकडे दिला असेल, तर तो तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. तुम्हाला ऐकू येईल बिनपायाचं घर! आणि उजवीकडे बसलेला माणूस म्हणेल, “वा, काय सुंदर!” एकाच गाण्याचे दोन अनुभव. हे चालेल का?

विलार्टच्या पद्धतीतले नियम झार्लिनोने १५५८ च्या आपल्या ग्रंथात मांडले. पहिला नियम असा, की प्रत्येक गटाचा स्वरमेळ आपल्यापुरता पूर्ण हवा. दुसरा गट गप्प बसला, तरी पहिल्याचं गाणं लंगडं वाटता कामा नये. दुसरा नियम असा, की दोन्ही गट एकत्र गातात तेव्हा दोघांच्या सर्वांत खालच्या आवाजांनी शक्यतो एकच सूर धरायचा, किंवा तोच सूर एक सप्तक वर-खाली. म्हणजे चर्चमध्ये तुम्ही कुठेही बसा, पाया तुमच्याजवळ आहेच.

आणखी एक युक्ती होती. रिले शर्यतीत पहिला धावपटू काठी सोडायच्या आत दुसरा ती धरतो ना? तसंच इथे. पहिल्या गटाचा शेवटचा सूर चालू असतानाच दुसरा गट आपली ओळ सुरू करतो. मध्ये फट पडत नाही. आवाज जणू सरकत सरकत या बाजूकडून त्या बाजूकडे जातो.

ते उभे कुठे राहत?

संगीताच्या अनेक पुस्तकांत एक झकास चित्र रंगवलेलं असतं. डाव्या सज्जावर एक गट, उजव्या सज्जावर दुसरा, आणि मधल्या लोकांच्या डोक्यावरून सुरांची चेंडूफेक. पण अभ्यासकांनी सेंट मार्कचे सोळाव्या शतकातले जुने कागद वाचले, तेव्हा थोडा वेगळाच प्रकार निघाला. विलार्टच्या पद्धतीची स्तोत्रं गाताना एका गटात फक्त चार निवडक गायक आणि दुसऱ्या गटात बाकीचे सगळे असत. आणि हे सारे एकाच मोठ्या, उंच, कठडेवाल्या चौथऱ्यावर उभे राहत! म्हणजे तिथे खरी गंमत अंतराची नव्हती. ती होती थोड्यांच्या आणि पुष्कळांच्या आवाजातल्या फरकाची. पुढच्या पिढीत मात्र ऑर्गनच्या सज्जांवर आणि खास बांधलेल्या मंचांवर गट खरोखरच दूर दूर उभे राहू लागले.

चित्र सुंदर आहे म्हणून ते खरं असतंच असं नाही. जुने कागद वाचावे लागतात ते याचसाठी!

काका-पुतण्याची जोडी

ही पुढची पिढी म्हणजे आंद्रेआ गॅब्रिएली आणि त्याचा पुतण्या जोव्हानी गॅब्रिएली. दोघेही सेंट मार्कमध्ये ऑर्गन वाजवायचे. १५६८ मध्ये चर्चने वादकांचा एक कायमचा ताफाही नोकरीला ठेवला होता. त्यात ट्राँबोन होते. आपल्याकडच्या बँडमध्ये लांब नळी पुढे-मागे सरकवत वाजवतात, तेच हे वाद्य. शिवाय कॉर्नेट्टो नावाचं एक लाकडी, वाकडं वाद्य होतं. बासरीसारखी भोकं, पण फुंकायचं तुतारीसारखं, ओठ थरथरवून. नीट वाजवलं तर ते थेट माणसाच्या गळ्यासारखं वाटतं.

दोन गटांचे आता तीन झाले, चार झाले. चार गटांत मिळून सोळा वेगवेगळ्या चाली! १५९७ मध्ये जोव्हानीचा एक मोठा संग्रह छापला गेला. त्यात आठ वाद्यांच्या दोन गटांसाठी ‘सोनाता पियान ए फोर्ते’ नावाची रचना आहे. या नावाचा अर्थ अगदी साधा: हळू आणि मोठ्याने वाजवायची रचना. एकच गट वाजतो तेव्हा छापील कागदावर लिहिलंय ‘हळू’, आणि दोन्ही गट एकत्र येतात तिथे ‘मोठ्याने’. आज सोपं वाटतं. पण छापील संगीतात अशा सूचना देणाऱ्या अगदी पहिल्या रचनांपैकी ही एक आहे. कोणता भाग कोणत्या वाद्याने वाजवायचा, हेही त्यात नेमून दिलंय. त्या काळात बहुतेक वेळा हे वादकांवरच सोपवलेलं असायचं.

बरं, एवढे गट एकत्र कसे ठेवायचे? १६१२ मध्ये व्हियादाना नावाच्या रचनाकाराने आपल्या चार गटांच्या स्तोत्रांच्या सुरुवातीला सूचनाच देऊन ठेवल्या आहेत. प्रमुखाने पहिल्या गटाजवळ उभं राहून हाताने ताल दाखवायचा. सगळ्या गटांनी एकदम गायची वेळ आली, की त्याने सर्वांकडे तोंड करायचं आणि दोन्ही हात वर करायचे. हीच खूण! आपले पी.टी.चे सरही हेच करतात की!

चार मुलं आणि एक लांबलचक प्रवास

आता तुमच्याच वयाच्या चार मुलांची गोष्ट ऐका. १५८२ मध्ये जपानच्या नागासाकी बंदरातून तेरा-चौदा वर्षांची चार मुलं युरोपला निघाली. इतो मान्शियो, चिजिवा मिगेल, नाकाउरा जुलियान आणि हारा मार्तिन्यो. जपानमधल्या ख्रिस्ती सरदारांनी पोपच्या भेटीसाठी त्यांना पाठवलं होतं. शिडाच्या जहाजाने, वाऱ्याची वाट बघत बघत! वाटेत त्यांचा मुक्काम कुठे पडला असेल? आपल्या गोव्यात!

१५८५ च्या उन्हाळ्यात ही मुलं व्हेनिसला पोचली. त्यांच्यासाठी सेंट मार्कमध्ये मोठी प्रार्थना झाली, आणि तिथे चार गट गायले अशी नोंद आहे. आंद्रेआ गॅब्रिएलीची सोळा आवाजांची रचना तेव्हाच गायली गेली असावी, असं अभ्यासकांना वाटतं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच आंद्रेआ वारला. १५८७ मध्ये जोव्हानीने काकाच्या रचना छापल्या, त्यात ही रचनाही आहे. पुतण्याने ते केलं नसतं, तर आज आपल्याला ती ऐकायला मिळाली असती का, कोण जाणे.

परतीच्या वाटेवर मुलं पुन्हा गोव्यात आली. १५८७ मध्ये मार्तिन्योने तिथे लॅटिन भाषेत भाषण केलं, आणि ते १५८८ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. जपानला पोचायला १५९० उजाडलं. गेली तेव्हा मुलं होती, परतली ती तरुण होऊन. १५९१ मध्ये त्यांनी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर युरोपची वाद्यं वाजवून दाखवली. पण पुढे जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, आणि आपला धर्म सोडायला नकार दिला म्हणून जुलियानला १६३३ मध्ये हाल करून मारण्यात आलं. सोनेरी घुमटांखाली सोळा सूर ऐकणाऱ्या त्या मुलाचा शेवट असा झाला.

पायी भटकणारा साहेब

१६०८ मध्ये टॉमस कोरियट नावाचा एक इंग्रज भटक्या व्हेनिसला आला. तिथल्या सान रोक्को या संस्थेच्या उत्सवात त्याने गाणं ऐकलं, आणि तो अक्षरशः थक्क झाला. कधी सोळा-वीस गायक एकदम गातात, कधी दहा ट्राँबोन, चार कॉर्नेट्टो आणि दोन तंतुवाद्यं एकदम वाजतात, ओळीने सात ऑर्गन मांडलेत, हे सगळं त्याने मोजून लिहून ठेवलं. त्या संस्थेचा ऑर्गनवादक होता आपला जोव्हानी गॅब्रिएलीच.

हा कोरियट पुढे कुठे पोचला, माहीत आहे? इराणमार्गे चालत चालत तो थेट अजमेरला आला! जहांगीर बादशहासमोर त्याने फारसीत भाषण केलं, आणि बादशहाने त्याला शंभर रुपये दिले. १६१७ मध्ये सुरतेला त्याचा मृत्यू झाला. व्हेनिसच्या गाण्याचा इतका बारकाईने हिशोब ठेवणारा हा माणूस सुरतेच्या मातीत विसावला आहे.

अंगठी आणि युद्ध

जर्मनीत एका खाणावळवाल्याचा मुलगा फार गोड गायचा. १५९८ मध्ये एक राजा त्या खाणावळीत उतरला. त्याने मुलाचं गाणं ऐकलं आणि त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. मुलाचं नाव हाइनरिख श्युट्झ. मोठेपणी तो कायद्याचा अभ्यास करत होता. पण राजानेच त्याला १६०९ मध्ये व्हेनिसला, जोव्हानी गॅब्रिएलीकडे शिकायला पाठवलं. १६१२ मध्ये गुरू वारला. जाताना त्याने आपली अंगठी या शिष्यासाठी ठेवली होती.

श्युट्झने मायदेशी जाऊन १६१९ मध्ये अनेक गटांसाठी जर्मन भाषेतल्या स्तोत्रांचा भला थोरला संग्रह छापला. पण त्याच्या एकच वर्ष आधी, १६१८ मध्ये, युरोपात एक भयंकर युद्ध सुरू झालं होतं. ते चाललं तीस वर्षं. पैसा संपला, गायकांचे पगार थांबले, गट मोडले. चार गटांसाठी लिहिणार कुणासाठी? माणसंच उरली नव्हती. मग श्युट्झने काय केलं? १६३६ आणि १६३९ मध्ये त्याने छोटी छोटी गाणी छापली. एक ते पाच गायक आणि जोडीला ऑर्गन, बस्स! जेवढी माणसं आहेत तेवढ्यांसाठी लिहायचं, पण लिहिणं थांबवायचं नाही. युद्ध संपल्यावर १६५० मध्ये त्याने पुन्हा मोठ्या गटांसाठी रचना छापल्या. तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता.

आणि आपल्या शेजारी

हे गाणं फक्त युरोपातच राहिलं असं समजू नका. जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस चर्च तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिलं असेल. सतराव्या शतकात एका इटालियन पाद्र्याने तिथे सणाच्या दिवशी सात गटांचं गायन ऐकलं. आपण रोममध्येच आहोत की काय, असं त्याला वाटलं! हे गाणारे कोण? बरेचसे तिथलेच गोवेकर. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना गाणं-वाजवणं शिकवत. ती परंपरा पुढे इतकी रुजली, की हिंदी सिनेमाच्या संगीतात व्हायोलिन आणि ट्रंपेट वाजवणाऱ्यांत गोव्याचे वादक कितीतरी होते.

करून पाहा

सगळ्यांना येणारं एखादं गाणं निवडा. वर्गाचे दोन गट करा. आधी दोन्ही गट शेजारी उभे राहून गा. मग सभागृहाच्या दोन टोकांना जा. मग मैदानाच्या दोन टोकांना. शेवटच्या वेळी दोघांनी एकदम गाऊन बघा. ताल विस्कटतो ना? कारण ध्वनी एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटरवरच्या मित्राचा आवाज तुमच्यापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तुम्ही त्याचं ऐकून गायला गेलात, तर तुम्ही मागे पडलातच. त्याने तुमचं ऐकलं, तर तोही मागे पडणार. मग गाणं गोगलगाय होतं! आता एकाला मध्ये उभं करा. त्याने हाताने ताल द्यायचा आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं. लगेच फरक कळेल, कारण त्याचा हात दिसायला वेळ लागतच नाही म्हणा ना. सुरासाठी कान, तालासाठी डोळे!

आई-बाबांनो, जोव्हानी गॅब्रिएलीची रचना मुलांना ऐकवणार असाल, तर एकच गोष्ट सांभाळा. दोन स्पीकर जरा लांब लांब ठेवा, आणि मुलांना बरोबर मध्ये बसवा. डोळे मिटून, कोण कुठून बोलतंय ते त्यांनाच ओळखू द्या.

डोकं चालवा: दोन गट एकमेकांपासून ५१ मीटरवर उभे आहेत. एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागेल?

(उत्तर: ५१ भागिले ३४०, म्हणजे ०.१५ सेकंद.)